तोंडाला पाणी सुटलं की कोरड पडली? रेड आणि व्हाइट वाइन चाखण्याबद्दल, आणि त्यावर लिहिण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: “दोनेक वर्षं आवडीने वाइन घेतो आहे. बाटलीच्या मागे चेरी, तंबाखू, चामडं, ओला दगड असं कायकाय लिहिलेलं असतं. मला व्हाइट आंबट लागते आणि रेड तुरट, याच्या पुढे गाडी जात नाही. माझं नाक कच्चं आहे का? आणि चाखलेल्या वाइनबद्दल चार ओळी लिहायच्या तर सुरुवात कुठून करायची?”

सुरुवात तुम्ही केलेलीच आहे. आंबट आणि तुरट हे दोन शब्द ज्याला नेमके सापडले त्याचं अर्धं काम झालं, आणि तुम्ही तेच दोन शब्द रद्दीत टाकताय. मी वीस वर्षांहून जास्त काळ वाइन चाखते, त्यावर लिहिते आणि शिकवते. नव्या विद्यार्थ्यांना पहिले काही दिवस मी फळाफुलांचं नावसुद्धा काढू देत नाही. चाखण्याचा रूढ क्रम रंग, वास, चव असा आहे आणि प्रत्यक्ष चाखताना तो बरोबरच आहे. शिकवताना मात्र मी तो फिरवते, आधी तोंड आणि मग नाक. तोंडात जे घडतं त्यावर दोन माणसांचं एकमत होऊ शकतं. वासावर ते क्वचितच होतं.

तेव्हा आधी व्हाइट. बेताचा घोट घ्या. लगेच गिळू नका. हिरड्या, गाल, जिभेखालची जागा, सगळीकडे फिरू द्या. मग गिळा किंवा थुंका (दिवसाला तीसचाळीस वाइन चाखणारे सगळेच थुंकतात, त्यात वाइनचा अपमान वगैरे काही नाही). तोंड मिटा, मान किंचित खाली घाला आणि वाट पाहा. गालांच्या आतून आणि जिभेखालून लाळ झरायला लागेल. ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं आपण एरवी सहज बोलून जातो, इथे तेच मोजायचं आहे. पाणी लगेच सुटलं आणि थांबेना, तर आम्लता जास्त. थोडं येऊन ओसरलं, तर मध्यम. आलंच नाही, वाइन जिभेवर नुसती बसून राहिली, तर कमी. अशा वाइनसाठी ‘सपक’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. दुसऱ्या टोकाला दात आंबतात. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बोट ठेवायला जमलं की व्हाइटचा कणा हाती आला.

कणा म्हणण्याचं कारण आहे. वाइनचा पीएच (आम्लतेची मोजपट्टी, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३ ते ४ असतो; व्हाइट बहुधा ३ ते ३.४ मध्ये, रेड त्याहून थोडी वर. आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो, पण ही मोजपट्टी पटींची आहे, ३ आणि ४ यांच्यात दहापट अंतर आहे. द्राक्षातली मुख्य ॲसिडं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदाला टोचरी चव देणारं. बॅक्टेरिया त्याचं लॅक्टिक ॲसिड करतात तेव्हा ती धार बोथट होते. रेडमध्ये हे जवळजवळ नेहमी होऊ देतात, व्हाइटमध्ये करायचं की नाही हे बनवणारा ठरवतो. त्याच प्रक्रियेत डायॲसिटिल नावाचं एक रसायन तयार होतं, म्हणून शार्दोने द्राक्षाच्या काही व्हाइटना लोण्याचा वास येतो. पहिल्यांदा हे ऐकणारा हमखास विचारतो की लोणी घालतात का. नाही घालत.

गोडव्यापाशी माणसं दोनदा फसतात. एकदा साखर आंबटपणा झाकते तेव्हा. रीसलिंग द्राक्षाच्या गोडसर व्हाइटमध्ये ॲसिड सणसणीत असतं, जिभेला ते जाणवत नाही, लाळ मात्र सहसा फसत नाही. म्हणून मान खाली घालून वाट पाहायची ती युक्ती. दुसऱ्यांदा फसवतो तो पिकल्या फळाचा वास. वाइनमध्ये साखर नावालाही नसते, पण वास गोड फळाचा, म्हणून मेंदू ‘गोड’ म्हणून मोकळा होतो. शंका आली की नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना उरतो तो गोडवा खरा, नाहीसा झाला तो नाकाचा होता. युरोपच्या नियमांत लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ‘ड्राय’ धरतात.

या ‘ड्राय’चं मराठीत ‘कोरडी’ करू नका, ही माझी हात जोडून विनंती. ड्राय म्हणजे साखर जवळजवळ नसलेली, बिनगोड. तोंड कोरडं पडणं ही निराळीच गोष्ट आहे, आणि ती आहे रेडची.

आता रेडचा घोट घ्या आणि तसंच करा. व्हाइटने जिथे पाणी सुटलं तिथे आता उलटं होतं. वरचा ओठ हिरडीला घासतो, जीभ टाळूवर सरकताना अडखळते. पाणी सुटण्याऐवजी कोरड पडते. हे टॅनिनचं काम. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस पांढुरकाच असतो; रंग आणि टॅनिन सालीतून उतरतात, आणि रेडचा रस सालींसकट आंबवतात. व्हाइटमध्ये रस आधीच पिळून वेगळा काढतात, म्हणून टॅनिन नगण्य. तोंडात आल्यावर हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. लाळेचं वंगण गेलं की तोंडातले भाग एकमेकांवर घासायला लागतात, आणि ते घासणं आपल्याला तुरट म्हणून कळतं. म्हणजे आपण सहा रसांत मोजतो तो तुरटपणा खरं तर चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे.

इथे मराठी माणूस एक पाऊल पुढे असतो. इंग्रजीत शिकणारे कित्येक जण कडू आणि तुरट यांत महिनोन्महिने गोंधळतात, रोजच्या बोलण्यात त्यांना तुरटसाठी सुटसुटीत शब्दच नसतो. आपल्याकडे लहान मूलसुद्धा हा फरक करतं. तो वापरा. कडूपणा जिभेवर आणि घशाकडे रेंगाळतो, तुरटपणा हिरड्या आणि गाल आवळतो. (जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा शाळेत पाहिला असेल तर विसरा. १९०१ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलेल्या अगदी बारीक फरकांचा पुढे कुणीतरी विपर्यास केला, त्यातून तो तयार झाला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.)

टॅनिन ‘जास्त’ की ‘कमी’ एवढ्यावर थांबू नका, पोत लिहा. खरी मजा तिथे आहे. कच्च्या केळ्याची साल चावल्यासारखं ओरबाडतं का? बिनदुधाचा चहा फार वेळ उकळला की जसा घशाशी येतो तसं आहे का? की भरपूर असूनही मऊ आहे, बारीक दळलेल्या पिठासारखं तोंडभर बसतं? मी वहीत खरखरीत, रवाळ, पिठूळ, मखमली एवढे चारच शब्द वापरते आणि माझं काम भागतं. एक सावधगिरी बाळगा. टॅनिन साचत जातं. एकामागोमाग रेड चाखल्या तर चौथी पहिलीपेक्षा तुरट लागते, मग ती तशी असो वा नसो. मधे पाणी प्या, साधा पाव खा, दोन मिनिटं जाऊ द्या.

अल्कोहोल आणि वजन यांबद्दल फार लिहीत नाही. गिळल्यावर घशात ऊब वाटली तर ठीक, जळजळ झाली तर तोल गेलेला. पाणचट ते भरदार ही वजनाची पट्टी तुम्हाला उपजत कळते. ग्लास फिरवल्यावर आतून ओघळणाऱ्या ‘अश्रूं’कडे पाहून भारावून जाऊ नका. अल्कोहोल आधी उडून जातं, त्यामुळे काचेवरच्या पातळ थराचा पृष्ठताण बदलतो आणि वाइन वर ओढली जाऊन थेंबांनी खाली येते. जेम्स थॉमसन यांनी हे १८५५मध्येच सांगितलं होतं. त्यातून अल्कोहोलचा थोडाफार अंदाज येतो. दर्जाचा काहीच नाही.

आता तुमच्या नाकाकडे येऊ. ते कच्चं नाही, गोंधळलेलं आहे, आणि गोंधळवणारा पहिला गुन्हेगार म्हणजे डोळा. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट आणि एक रेड दिली. विद्यार्थ्यांनी आपापल्या शब्दांत वास लिहिले. नंतरच्या फेरीत तीच व्हाइट दोन ग्लासांत दिली, एका ग्लासात वास नसलेला लाल रंग मिसळून. त्या लाल व्हाइटला विद्यार्थ्यांनी रेडचे शब्द लावले. हा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून ‘तज्ज्ञ कसे तोंडावर आपटले’ म्हणून लोक तो चवीने सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मी स्वतः काळ्या काचेच्या ग्लासातून थंड केलेली पिनो न्वार, म्हणजे एक रेड, चाखून पूर्ण आत्मविश्वासाने ‘व्हाइट, ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली’ असं लिहून दिलं आहे. ते टिपण मी जपून ठेवलंय. त्यात तोंडाबद्दलच्या नोंदीत ‘किंचित तुरट’ असं माझ्याच अक्षरात आहे. तोंडाने बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट, नाकाला मर्यादा असतात आणि त्या सगळ्यांनाच असतात. डेव्हिड लेइंग या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगांत दिसलं की मिश्रणातले तीनचार वास ओळखण्यापलीकडे माणूस सहसा जात नाही, सरावलेला असला तरी. म्हणून ज्या वर्णनात अकरा वासांची यादी असते ते मी वाचायचंच सोडून दिलं आहे. तिसरी गोष्ट, प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. शिराझ या रेडमध्ये मिरीचा वास देणारा रोटंडोन हा पदार्थ २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी शोधून काढला, आणि त्याच कामात साधारण पाचातल्या एकाला तो भरपूर असूनही येत नाही असं आढळलं. तुम्ही त्या पाचातले एक असाल तर शिराझच्या बाटलीवरची मिरी तुम्हाला जन्मभर सापडणार नाही. खुशाल सोडून द्या.

मग नाकाने करायचं काय? ग्लास वरच्या बाजूला निमुळता घ्या, थोडीच ओता. चाखण्याच्या प्रमाणित ग्लासाची मापं १९७७पासून ठरलेली आहेत: मावते सुमारे २१५ मिलिलिटर, ओतायची ५०. रिकामी जागा वासासाठी असते. आधी न हलवता हुंगा, मग फिरवून. लांब श्वास घेऊ नका, दोन छोटे हुंगे पुरतात. नाक पटकन सरावतं आणि मग काहीच येत नाही. असं झालं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. वेडगळ दिसतं, पण उपयोग होतो.

आणि फळाचं नाव शोधायच्या आधी फळाची अवस्था शोधा. माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. फळ कच्चं आहे, नुकतं पिकलेलं, अतिपिकलेलं, शिजवून मुरंबा केलेलं, की वाळलेलं? प्लम की चेरी यावर तासभर वाद घालून काही हाती लागत नाही, पण ‘ताजं काळं फळ’ आणि ‘शिजलेलं काळं फळ’ यांत हवामान, तोडणीची वेळ आणि वाइनचं वय इतकं सगळं दडलेलं असतं. थंड भागातलं फळ कच्च्याकडे झुकतं, उष्ण भागातलं मुरंब्याकडे, जुनी रेड वाळलेल्या फळाकडे. अवस्था पकडली की फळाचा गट घ्या: व्हाइटमध्ये लिंबूवर्गीय, सफरचंद-नासपती, पीचसारखी गराची, की उष्ण प्रदेशातली, रेडमध्ये लाल की काळी. एवढ्यावर थांबलात तरी वर्णन प्रामाणिक होतं. ॲन नोबल यांनी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात १९८४मध्ये वासांचं जे चक्र मांडलं, तेही असंच मधल्या मोठ्या गटातून कडेच्या बारीक नावाकडे जातं. लोक थेट कडेला उडी मारतात आणि मग नाक कच्चं असल्याची तक्रार करतात.

काही वास मात्र नेमके असतात, कारण त्यांच्यामागे ओळखता येणारा रेणू असतो. काबर्ने सोव्हिन्यों या रेडमध्ये किंवा सोव्हिन्यों ब्लां या व्हाइटमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो तो पायराझिन या रसायनामुळे, आणि ढोबळ्या मिरचीतही तेच असतं. सोव्हिन्यों ब्लांमधला पेरू आणि पॅशनफ्रूट गंधकयुक्त थायॉलमुळे. गेवुर्झट्रामिनर या व्हाइटमधला गुलाब आणि लीचीसुद्धा कल्पनेतून आलेले नाहीत, रोझ ऑक्साइड दोन्हींत सापडतं. मुरलेल्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो तो टीडीएन नावाच्या रसायनाचा. ओकच्या पिंपातून व्हॅनिला आणि लवंग येतात.

तुम्ही विचारलेला ‘ओला दगड’ मात्र या यादीत बसत नाही. वेल जमिनीतून क्षार घेते, पण ते वाइनमध्ये इतके कमी उरतात की चवीला जाणवू नयेत, आणि दगडाला तर स्वतःची चवच नसते. आम्लता जास्त, फळ कमी, जोडीला कधी काडी ओढल्यासारखा गंधकाचा इशारा, अशा वाइनला माणसं दगड म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही, पण कुणी वापरला तर काय म्हणायचंय ते कळतं. चामडं जुन्या रेडमध्ये येतं, आणि ब्रेटानोमायसिस या यीस्टच्या लागणीमुळेही येतं. लागण असली की सोबत घोड्याचा तबेला असतो. तंबाखू मुरलेल्या काबर्नेत खरोखर येतो.

बिघाडाचे वास आधी शिका, कारण त्यांच्यासाठी आपली भाषा फार सोयीची आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका चाखणीत एक रेड आली. मी लिहिलं: ‘पावसाळी रान, भिजलेली पानं, जुन्या तळघराचा गूढ गंध’. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “कुबट आहे. दुसरी बाटली उघडा.” बुचातून येणारं टीसीए नावाचं रसायन होतं ते. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतं, आणि ते स्वतःचा वास देतं तसंच बाकीचं फळही झाकून टाकतं. माझ्या तीन काव्यमय शब्दांपेक्षा त्यांचा एक शब्द खरा होता. तेव्हापासून कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र, धुरकट, शिळकट, भपकारा हे शब्द मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा भपकारा आला तर इथाइल ॲसिटेट हे रसायन, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं शिळकट आलं तर हवा लागलेली, सडक्या अंड्यासारखं आलं तर उलट हवा कमी पडलेली. ही शेवटची तक्रार ग्लास जोरात फिरवल्यावर कधीकधी निघून जाते.

रंग शेवटी सांगते, तो सगळ्यात जास्त बोलतो आणि सगळ्यात जास्त खोटं बोलतो म्हणून. वयाबरोबर रेड फिकी होत जांभळ्याकडून विटकरीकडे जाते, व्हाइट गडद होत सोनेरीकडून तपकिरीकडे. एवढं खरं. पण फिकी रेड म्हणजे हलकी रेड असं धरून चाललात तर नेबिओलो ही रेड तुमचा घात करेल. दिसायला पातळ, विटकरी, आणि तोंडात गेल्यावर हिरड्या आवळून धरते.

आता लिहिण्याकडे. एका कोवळ्या काबर्नेबद्दल विद्यार्थ्याने लिहिलेलं हे टिपण: ‘ब्लॅककरंट, सीडार, ग्रॅफाइट, व्हायोलेट, डार्क चॉकलेट, चामडं यांचा सुंदर मिलाफ. अप्रतिम.’ मी त्याला विचारलं, ब्लॅककरंट कधी खाल्लंयस? नाही. व्हायोलेटचा वास घेतलायस? नाही. मग ते शब्द आले कुठून? बाटलीवरून. तीच वाइन आम्ही पुन्हा चाखली आणि त्याने पुन्हा लिहिलं:

‘गडद, कडेला जांभळट. वास जोरकस. काळं फळ, पिकलेलं पण शिजलेलं नाही. मागे ढोबळी मिरची, नंतर लवंग आणि नुकतं तासलेलं लाकूड. पाणी सुटतं, मध्यमपेक्षा थोडं जास्त. टॅनिन भरपूर, रवाळ, वरच्या हिरडीला धरतं, कडवटपणा नाही. अल्कोहोल १४ टक्के, घशाला कळत नाही. चव दहा सेकंद टिकते. फळ आधी जातं, तुरटपणा मागे उरतो.’

यात ‘अप्रतिम’ कुठे नाही, पण वाचणाऱ्याला वाइन दिसते. शेवटचं वाक्य तर मला हेवा वाटावा असं आहे. फळ आधी गेलं आणि तुरटपणा उरला म्हणजे वाइन अजून कोवळी आहे. काही वर्षांनी टॅनिन नरमेल, तेव्हा दोन्ही बरोबर निघतील. गिळल्यानंतर चव किती टिकते ते सेकंदांत मोजा. फ्रेंचांनी एका सेकंदाला ‘कोदाली’ असं नावच दिलं आहे. टिकतं ते चांगलं असायला हवं, नुसती जळजळ पंधरा सेकंद राहिली तर ती लांबी धरत नाहीत.

गुण देण्याचा मोह सध्या टाळा. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे, तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारा परीक्षक दहातला एकच होता. माझे गुणही मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळे येतात. पण ‘पाणी भरपूर सुटतं, टॅनिन रवाळ’ हे दोन्ही दिवशी सारखंच निघतं.

सरावासाठी दोनच ग्लास पुरेत. एका व्हाइटची एकच बाटली घ्या, एक ग्लास सात-आठ अंशांना आणि दुसरा अर्धा तास बाहेर ठेवून बारातेरा अंशांना चाखा. थंड ग्लासात वास दबलेला आणि आंबटपणा टोकदार, दुसऱ्यात वास उघडलेला आणि घशाशी थोडी ऊब. रेडचंही असंच, सोळासतरा अंशांना एक घोट आणि व्हाइटइतकी थंड करून एक. थंड रेडमध्ये टॅनिन आणि कडूपणा एकदम अंगावर येतात. हे चारही घोट ओळीत लिहा, फळाचं एकही नाव न घेता. आठवडाभराने तेच पुन्हा करा, आधीचं पान झाकून ठेवून.